लाल पुस्तकातील गाणे

जुन्या काव्याला दोन प्रकारची मरणे येतात. पोथीला वाळवी लागते, वाडा पडतो, लूट होते, आग लागते आणि शब्द कायमचे जातात; हे पहिले मरण. दुसरे मरण पुष्कळच सभ्य असते. पोथी सुखरूप राहते, तिची शुद्ध प्रत छापली जाते, तळाशी टीपा येतात, शेवटी शब्दकोश जोडला जातो, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिची नेमणूक होते आणि तेव्हापासून ती कोणी गात नाही. मराठी शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला या दुसऱ्या मरणाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. संदर्भासह स्पष्टीकरणाचे गुण पुरतेपणी मिळवणारा विद्यार्थी ती ओवी एकदाही मोठ्याने म्हणत नाही, हे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

या दुसऱ्या मरणातून काही शब्दांना परत आणण्याचा एक विलक्षण उद्योग १९९१ साली जर्मनीतील म्युनिक शहरात सुरू झाला. तो करणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'क्न्टाल'. नाव उच्चारताना जीभ अडखळते यात वाचकांचा दोष नाही. मूळ रोमन लिपीत त्यात चार व्यंजने आणि एकच स्वर आहे. त्याला अर्थही नाही. वृंदाच्या गायिकेला हा शब्द स्वप्नात ऐकू आला, असे ही मंडळी सांगतात. आठशे वर्षांपूर्वीचे शब्द गाणाऱ्यांनी आपल्या नावासाठी मात्र कोणत्याही भाषेत नसलेला शब्द निवडावा, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे संगीत ज्या प्रकारात मोडते त्याला तिकडे 'निओक्लासिकल डार्कवेव्ह' म्हणतात. मराठीत 'नवअभिजात काळोखी लाट' असे काहीसे म्हणता येईल. नावावरून कोणी दचकू नये. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'पंक' नावाचे आरडाओरड्याचे संगीत जोरात होते. तो जोर ओसरल्यावर त्यातील काही तरुण अंतर्मुख झाले. त्यांच्या गाण्यांत मंद लय आली, खर्जातील स्वर आले, मृत्यू, एकाकीपण, भग्न देवळे, पावसाळी रात्री असे विषय आले. श्रोते काळे कपडे घालू लागले. त्या लाटेचे एक टोक पुढे जुन्या चर्चसंगीताकडे आणि मध्ययुगीन गीतांकडे वळले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८१ साली निघालेल्या आणि पुढे लंडनला गेलेल्या 'डेड कॅन डान्स' या वृंदाने त्या वाटेवर पहिली पावले टाकली. जर्मनीत ही लाट विशेष रुजली. लाइपझिग शहरात १९९२ पासून ख्रिस्ती पंचाशत्तमीच्या सणाला या काळ्या वेषातील रसिकांचा मेळा भरू लागला. पहिल्या वर्षी सुमारे दोन हजार माणसे जमली. पुढे हा आकडा वीस हजारांच्या घरात गेला.

क्न्टालची मंडळी मात्र या काळ्या कपड्यांच्या दुनियेत जन्मलेली नव्हती. ती आली जुन्या संगीताच्या अभ्यासातून, आणि त्या अभ्यासाला म्युनिकएवढी अनुकूल भूमी दुसरी क्वचितच असेल. या शहराच्या दक्षिणेस बेनेडिक्टबॉयर्न नावाचा मठ आहे. १८०३ साली सरकारने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा तेथील ग्रंथसंग्रहात तेराव्या शतकातील एक हस्तलिखित सापडले. आत अडीचशेच्या आसपास गीते होती: मद्याची, प्रेमाची, जुगाराची, वसंताची, धर्मगुरूंच्या टवाळीची. बहुतेक लॅटिनमध्ये, काही जुन्या जर्मनमध्ये. हेच 'कार्मिना बुराना'. काही गीतांच्या डोक्यावर स्वरचिन्हे होती, परंतु ती रेषांवाचून लिहिलेली. म्हणजे स्वर चढला की उतरला एवढे कळावे, किती चढला ते कळू नये. म्युनिकचाच संगीतकार कार्ल ओर्फ याने त्यांतील काही गीते घेऊन त्यांना सर्वस्वी नव्या चाली दिल्या. १९३७ साली फ्रांकफुर्टला पहिला प्रयोग झाला आणि ती रचना जगभर पोहोचली. पुढे १९६० साली टॉमस बिंक्ली या अमेरिकन कलावंताने आपल्या सहकाऱ्यांसह म्युनिकमध्येच जुन्या संगीताचा एक अभ्यासवृंद काढला आणि उलट दिशेने निघून मूळ चाली शोधण्याचा प्रयत्न केला. जुन्या शब्दांना नवा स्वर द्यावा की जुनाच स्वर खोदून काढावा, हा प्रश्न अशा रीतीने त्या शहराच्या अंगवळणी पडलेला होता.

१९८५ साली याच शहरात मिखाएल पॉप, सिग्रिड हाउझेन आणि एर्न्स्ट श्विंडल या तिघांनी 'एस्टाम्पी' हा वृंद स्थापला. एस्टाम्पी हे मध्ययुगातील एका नृत्यसंगीताचे नाव. पॉप हे तंतुवाद्यांचे जाणकार. फिडल, ऊद, साझ यांसारखी वाद्ये ते हाताळतात. हाउझेन यांचा आवाज मध्य सप्तकात भारदस्त आणि वर गेल्यावर निर्मळ. त्या बासरीही वाजवतात. रंगमंचावर त्यांनी 'सिरा' हे नाव धारण केले. या वृंदाची १९९० ची 'आ चान्तार' ही ध्वनिमुद्रिका मध्ययुगीन स्त्रियांच्या प्रेमगीतांना वाहिलेली आहे. तिच्या नावामागे एक हकीकत आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये त्रुबादूर नावाचे कवी होऊन गेले. त्यांची अडीच हजारांच्या आसपास गीते आज उपलब्ध आहेत, परंतु चाली टिकल्या त्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या. त्यांच्यात काही स्त्रियाही होत्या, आणि या सगळ्या कवयित्रींच्या गीतांपैकी चालीसह टिकले ते एकच: दियाच्या काउंटेसचे. तेच हे गीत. प्रियकराने अव्हेरलेली एक मानिनी आपले कूळ, रूप आणि बुद्धी यांचा हिशेब त्याच्यासमोर मांडते आहे. एवढ्या स्त्रियांनी गायिले आणि स्वर उरला एकीचा! जुन्या संगीताचा अभ्यास करणारे कोणत्या दारिद्र्यातून संसार थाटतात त्याची यावरून कल्पना यावी.

त्याच १९८५ सालात, त्याच म्युनिकमध्ये आणखी एक घटना घडली. एर्न्स्ट हॉर्न हे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले संगीतकार. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदाचे संचालन हा त्यांचा व्यवसाय. त्यांना विद्युत वाद्यांवर प्रयोग करावयाचे होते आणि त्यासाठी गायक हवा होता. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ती वाचून अलेक्झांडर वेल्यानोव हा तरुण आला आणि 'डाइने लाकाइएन', म्हणजे 'तुझे हुजरे', या नावाचे जोडकाम सुरू झाले. त्यांची पहिली तबकडी त्यांनी १९८६ साली स्वतःच्याच खर्चाने काढली. प्रती अवघ्या पाचशे. पुढे हेच 'हुजरे' काळोख्या लाटेतील मोठे नाव झाले. म्हणजे एकाच नगरात, एकाच वर्षी दोन झरे निघाले होते: एक पोथ्यांचा, दुसरा विजेच्या वाद्यांचा. सहा वर्षांनी, १९९१ साली, पॉप आणि हॉर्न एकत्र आले, सिरा यांचा आवाज त्यांना मिळाला आणि क्न्टालचा जन्म झाला. १९९२ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. नाव साधेच: 'क्न्टाल एक'.

या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील एका गाण्याने वृंदाला नाव मिळवून दिले. ते गाणे लॅटिनमधील असून त्याचे शीर्षक 'आद मॉर्तेम फेस्तिनामुस', म्हणजे 'मृत्यूकडे आम्ही त्वरेने चाललो आहोत', असे आहे. ते कोठून आले हे सांगण्यासाठी वाचकांना थोडा वेळ म्युनिक सोडून स्पेनला न्यावे लागेल.

बार्सिलोना शहराजवळ मोन्तसेरात नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थ करवतीसारखा डोंगर, आणि शिखरांची रांग खरोखरच करवतीच्या दात्यांसारखी दिसते. त्यावर बेनेडिक्टपंथी साधूंचा मठ आहे आणि मठात मेरीमातेची सावळी मूर्ती. तिच्या दर्शनाला मध्ययुगात दूरदूरचे यात्रेकरू पायी येत. रात्र देवळात जागून काढण्याचा प्रघात होता. आता रात्रभर जागावयाचे म्हणजे माणसे गाणार, आणि तरुण मंडळी असली की नाचणारही. ती आपापल्या गावची गाणी म्हणत. त्यांतील काही देवळाला शोभणारी नसत. साधूंनी काय करावे? त्यांनी नाच बंद केला नाही. सुमारे १३९९ साली सिद्ध झालेल्या आपल्या एका पोथीत त्यांनी गाणीच लिहून ठेवली, आणि सोबत खुलासा केला की यात्रेकरूंना जागरणाच्या वेळी देवळात व दिवसा प्रांगणात गावे-नाचावेसे वाटते. तेथे शुद्ध आणि भक्तिपर गीतेच शोभतात, म्हणून ही काही येथे नोंदली आहेत. मात्र प्रार्थनेत मग्न असलेल्यांना व्यत्यय येणार नाही अशा बेताने ती म्हणावीत. दहा गीते त्या पोथीत आहेत. 'मृत्यूकडे आम्ही त्वरेने चाललो आहोत' हे त्यांपैकीच एक. आयुष्य थोडे आहे, मरण कोणालाही सोडत नाही, तेव्हा पाप टाळावे, हा त्याचा आशय. आणि त्याची चाल मात्र पाय थिरकावेत अशी.

त्या पोथीचे नशीबही पाहण्यासारखे आहे. १८११ साली नेपोलियनच्या सैन्याने मठ जाळला आणि ग्रंथालय भस्म झाले. ही पोथी त्या वेळी मठात नव्हतीच. एका सरदाराला ती उसनी दिलेली होती, म्हणून वाचली. पोथ्या उसन्या नेऊन परत न करणाऱ्यांबद्दल ग्रंथपालांचे मत सहसा बरे नसते. पण येथे उसनवारीनेच ग्रंथ तारला. पुढे तिला तांबड्या मखमलीची बांधणी मिळाली आणि ती 'लाल पुस्तक' या नावाने प्रसिद्ध झाली. मधल्या काळात तिची काही पाने गहाळ झाली होती. गाण्यांची उरली हे आपले भाग्य.

क्न्टालने या गाण्याचे काय केले? शब्द लॅटिनच ठेवले. चालीचा सांगाडाही पोथीतला ठेवला. खाली मात्र यंत्राने चालवलेला ठोका आला, एकसारखा, न थकणारा. सिंथेसायझरचा काळसर पडदा आला. त्यावर सिरा यांचा आवाज जुन्या गायकीच्या शिस्तीत, कोठेही हुंदका न देता, सरळ चालत जातो. जर्मनीतील काळोख्या लाटेच्या नृत्यगृहांत हे गाणे वाजू लागले आणि काळ्या वेषातील तरुण त्यावर नाचू लागले. लॅटिनचे एकही क्रियापद ज्यांना चालवता आले नसते अशांची पावले त्या शब्दांवर पडत होती. पवित्र गाण्याची ही विटंबना झाली, असे कोणास वाटेल. परंतु लाल पुस्तकातील तो खुलासा आठवावा. हे गाणे लिहिलेच गेले होते रात्री जागणाऱ्या तरुणांना नाचता यावे म्हणून. सहाशे वर्षे ते विद्वानांच्या मेजावर पडून होते. १९९२ साली ते आपल्या मूळ गिऱ्हाइकांकडे परत गेले, एवढेच.

विद्वानांचा आक्षेप येथे संपत नाही, आणि तो ऐकून घेण्याजोगाही आहे. त्यांचे म्हणणे असे की मध्ययुगीन गीताला त्याच्या काळाचा एक देह असतो. ते दगडी कमानीखाली गायिले जाई. सोबतीला हाताने फिरवावयाच्या चाकाची तंतुवीणा असे, आपल्या सनईच्या कुळातील शाल्माय असे, आणि तळाशी आपल्या तंबोऱ्यासारखा एक स्थिर स्वर धरलेला असे. हा देह काढून घेऊन त्या जागी यंत्र बसवले तर उरते ते केवळ शब्दांचे भूत. युक्तिवाद वजनदार आहे. परंतु ज्यांनी हा प्रयोग केला त्यांना हे सारे इतरांहून अधिक ठाऊक होते. पॉप आणि हाउझेन यांनी एस्टाम्पी बंद केली नाही. इकडे क्न्टालची गाणी नृत्यगृहात गाजत असताना तिकडे एस्टाम्पीने १९९८ साली, हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या बाराव्या शतकातील संन्यासिनीच्या नवव्या जन्मशताब्दीला, तिच्या रचनांना वाहिलेली ध्वनिमुद्रिका काढली. एकाच माणसांनी दोन दुकाने मांडली आणि एका दुकानाचा माल दुसऱ्याचे लेबल लावून कधी विकला नाही.

शिवाय खोदून काढलेला जुना स्वर म्हणजे तरी काय? मध्ययुगीन पोथीत बहुधा स्वराची उंची मिळते. त्याची लांबी मिळत नाही, ताल मिळत नाही, सोबतीला कोणते वाद्य होते तेही लिहिलेले नसते. तेव्हा फिडल आणि शाल्माय घेऊन बसलेला अभ्यासकही अर्धी इमारत अंदाजानेच उभारीत असतो. त्याचा अंदाज अभ्यासाचा असतो, म्हणून तो आदरणीय. पण शेवटी अंदाजच. क्न्टालने अंदाजाचा आव आणला नाही. आपण आजची माणसे आहोत आणि आजच्या वाद्यांनी गातो आहोत, हे त्यांच्या पहिल्याच ठोक्याला ऐकणाऱ्यास कळते. या प्रामाणिकपणापुढे मला तो आक्षेप थोडा फिका वाटतो.

आता एक अधिक गंभीर गोष्ट. जर्मन माणसाला आपल्या जुन्या गाण्यांकडे सरळ मनाने जाता येत नाही. १९३३ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने लोकगीते, वीरकथा, शूरांची मध्ययुगीन चित्रे हे सारे आपल्या प्रचाराला जुंपले. त्यानंतरच्या पिढीला त्या वारशाला हात लावतानाही अंगावर काटा येई. ज्या घरात चोरी झाली त्या घरातील माणसे आपल्याच कपाटांकडे संशयाने पाहू लागतात, तसे काहीसे झाले. क्न्टालने या कोंडीतून जी वाट काढली ती मला फार अर्थपूर्ण वाटते. त्यांनी केवळ जर्मन भाषेचे मध्ययुग गायिले नाही. लॅटिन, दक्षिण फ्रान्सची ऑक्सितान, जुनी फ्रेंच, गालिसी-पोर्तुगीज आणि जुनी जर्मन, अशा अनेक भाषा त्यांच्या गाण्यांत शेजारी बसल्या. मध्ययुग हे कोण्या एका राष्ट्राच्या मालकीचे नव्हते, ही गोष्ट इतिहासकाराला पानेच्या पाने लिहून सांगावी लागते. ती त्यांनी गाण्यांच्या नुसत्या निवडीतून सांगितली.

त्यांपैकी मेरीमातेची स्तुतिगीते घ्या. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात चारशेहून अधिक गीतांचा हा संग्रह झाला. हा राजा १२८४ साली वारला; ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९० साली. म्हणजे तिकडे ही गीते पुरी होत आली तो आणि आपली ज्ञानेश्वरी हा जवळजवळ एकच काळ. या राजाने कायदे आणि इतिहास आपल्या कास्तीली भाषेत लिहवून घेतले, परंतु मेरीमातेची गाणी रचावयाची म्हटल्यावर तो शेजारच्या गालिसी-पोर्तुगीजकडे वळला, कारण त्या काळी तिकडे भावगीताची भाषा ती मानली जाई. कामकाजाची भाषा एक, मनाची भाषा दुसरी! बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. कचेरीत आणि बाजारात एक भाषा, आणि देवापुढे उभे राहिल्यावर दुसरी, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

पण जुने शब्द सगळेच निष्पाप नसतात. वाल्टर फॉन डेर फोगेलवाइड हा जर्मन भाषेतील मध्ययुगीन भावकवींचा मुकुटमणी. त्याची जर्मन आजच्या जर्मन विद्यार्थ्याला टीपांवाचून कळत नाही, जशी ज्ञानेश्वरी आपल्या मुलांना कळत नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने एक गीत लिहिले, ते 'पालेस्टीनालीड', म्हणजे 'पॅलेस्टाइनचे गाणे', या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची चालही मध्येच हरवली होती. १९१० साली म्युन्स्टर येथे एका हस्तलिखिताचे तुकडे सापडले, त्यांत ती मिळाली. चाल अतिशय सुंदर, आणि म्हणूनच आजचे अनेक वृंद ती गातात, क्न्टालनेही गायिली. गाण्यात पवित्र भूमीला पोहोचलेल्या यात्रिकाचा आनंद आहे, ख्रिस्तचरित्राची उजळणी आहे, आणि शेवटी असा दावा आहे की ख्रिस्ती, यहुदी आणि इतर, सारेच या भूमीवर हक्क सांगतात, परंतु खरा हक्क आमचा. हे गाणे धर्मयुद्धाच्या काळातले. ज्या दाव्यापायी माणसे मारली गेली आणि आजही मारली जात आहेत, तो दावा इतक्या गोड स्वरात गावा काय?

याचे उत्तर या मंडळींनी लेख लिहून दिले नाही, गाऊन दिले. एस्टाम्पीने १९९६ साली धर्मयोद्ध्यांच्या गीतांची एक स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढून तो काळ समोर मांडला. पुढे एस्टाम्पीच्या कलावंतांनी स्पेनमधील गायिका-वादकांबरोबर आणि मोरोक्कोच्या एका गायिकेबरोबर 'अल अन्दालूस प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका २००७ साली आली. मध्ययुगीन स्पेनमध्ये ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी शतकानुशतके शेजारी राहिले, भांडले, एकमेकांच्या चालींची उसनवारी करीत आले. या उपक्रमात मेरीमातेची गीते, अरबी काव्य आणि स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुद्यांची गाणी तीन गायिका एका मंचावर गातात. ज्या तिघांना वाल्टरच्या गाण्यात एकाच भूमीवर हक्क सांगताना आपण ऐकले, ते तिघे येथे एका सुरात बसले. जुन्या गाण्यातील विष लपवून ठेवण्यापेक्षा त्याच्या शेजारी दुसरे गाणे ठेवणे, हा मार्ग मला शिक्षकाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

मूळ वृंदाची पुढील वाटचाल आता थोडक्यात पाहू. दुसरी ध्वनिमुद्रिका १९९५ साली निघाली. १९९९ साली हॉर्न बाहेर पडले. ज्याने विजेची बाजू सांभाळली तोच गेला, तेव्हा हे आता संपले असे अनेकांना वाटले असणार. पण फिलिप ग्रोट, ज्यांना 'फिल' म्हणतात, ते त्या जागी आले आणि २००३ साली 'त्रिस्तान आणि इझोल्डे' ही तिसरी ध्वनिमुद्रिका निघाली. ही प्रेमकथा गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग याने तेराव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन काव्यात सांगितली आणि अपुरीच सोडली. पुढे कित्येकांनी ती आपापल्या परीने पुरी केली. २००५ ची चौथी 'ओझिमँडियास' या नावाची. शेलीच्या १८१८ च्या प्रसिद्ध सुनीताचे हे नाव इंग्रजी शिकलेल्या वाचकांना स्मरेल. २००६ ची पाचवी 'सिल्व्हर स्वान', हे नाव ऑर्लंडो गिबन्सच्या १६१२ सालच्या गीताचे. तिचे मुखपृष्ठ ब्रायन फ्राउड या परीकथांच्या इंग्रज चित्रकाराने केले. या काळात संगीत काहीसे मवाळ झाले, काळोख थोडा निवळला. जुन्या चाहत्यांची कुरकुर झाली; ती कोठे होत नाही? २००८, २०१४, २०१८ आणि २०२२ या वर्षी आणखी चार आल्या. शेवटच्या दोहोंची नावे 'नाख्टब्लूमे' आणि 'टाइम स्टँड्स स्टिल'. पहिले आयखेनडॉर्फ या जर्मन कवीच्या कवितेचे, दुसरे जॉन डाउलंडच्या १६०३ सालच्या गीताचे. नऊ ध्वनिमुद्रिका आणि तीन दशके. वृंदातील वाद्ये आणि वादक बदलले. सिरा यांचा आवाज आणि पॉप यांची तंतुवाद्ये हे दोन खांब राहिले.

बाहेर पडलेल्या हॉर्न यांनीही तीच विद्या वेगळ्या घरी नेली. २००१ साली त्यांनी 'हेलियम वोला' हा स्वतंत्र वृंद काढला आणि जुन्या संगीतात मुरलेल्या साबिने लुट्सेनबर्गर यांना गावयास घेतले. त्यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत लीलच्या आलाँ या बाराव्या शतकातील पंडिताचे एक लॅटिन काव्य आहे. सृष्टीतील प्रत्येक वस्तू आपल्याला पुस्तकासारखी, चित्रासारखी, आरशासारखी आहे, असा त्याचा विचार. हा वेदान्ताच्या पाठासारखा आशय यंत्राच्या ठोक्यावर नृत्यगृहांत वाजला! पुढे २००९ साली त्यांनी काढलेली दुहेरी ध्वनिमुद्रिका सोफी शोल हिच्या स्मरणार्थ आहे. ही म्युनिक विद्यापीठातील विद्यार्थिनी. नाझींविरुद्ध पत्रके वाटली म्हणून १९४३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिचा शिरच्छेद झाला. ज्या राजवटीने जुनी गाणी नासवली तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलीचे स्मरण जुन्या गाण्यांच्या सोबतीने व्हावे, यात एक प्रकारचा न्याय आहे.

ही सारी हकीकत मी मराठी घरांपुढे का ठेवतो आहे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आपली मुले हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांच्यापर्यंत पोहोचते ती बहुतांशी कानाने: आरतीतून, अभंगातून, आजीच्या ओव्यांतून. अर्थ नंतर कळतो, कित्येकदा कळतही नाही. पण स्वर आधी बसतो. अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या अभंग घेऊन गिटारवर किंवा संगणकावर बसली, तर आपण काय म्हणणार? 'काय हा धुडगूस!' असे म्हणून दार लावून घेणे सोपे आहे. त्याहून अवघड, पण अधिक उपयोगाचे, म्हणजे तिला तीन गोष्टी विचारणे. शब्द जसेच्या तसे ठेवले आहेस ना? त्यांचा उच्चार जाणत्याकडून शिकून घेतला आहेस ना? आणि जे तू नवे घातलेस ते नवेच आहे असे उघड सांगतेस ना? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर वडील मंडळींनी बाजूला बसून ऐकावे. ठोका आवडला नाही तरी चालेल. तो आपल्यासाठी नसतोच.

मोन्तसेरातच्या त्या साधूंनाही यात्रेकरूंचे नाचणे आवडत असेल असे मला वाटत नाही. पहाटेच्या प्रार्थनेला उठावयाचे असता रात्रभर प्रांगणात पाय आपटण्याचा आवाज कोणाला रुचेल? तरीही त्यांनी लेखणी घेतली, बोरू शाईत बुडवला आणि नाचणाऱ्यांसाठी चांगली गाणी उतरवून ठेवली.